राखून ठेवलेला बाण

मृगयेचें वर्णन ही संस्कृत महाकाव्यांतील एक ठरीव जागा आहे, आणि ठरीव जागांचें जें होतें तेंच तिचेंही बहुधा झालें आहे. घोडे धांवतात, धूळ उडते, डुकरें चिखलांतून उठतात आणि वाचक पान उलटतो. परंतु रघुवंशाच्या नवव्या सर्गांत एक क्षण असा आहे कीं, पान उलटणारा हात तेथें थांबावा. दशरथानें हरिणावर नेम धरला आहे, धनुष्य कानापर्यंत ओढलें आहे. इतक्यांत हरिणी मध्यें येऊन आपल्या देहानें नराला झांकते आणि राजा बाण आवरतो. याच सर्गाच्या अखेरीस हाच राजा, हत्ती पाणी पीत आहे असें समजून, नुसत्या आवाजाच्या रोखानें बाण सोडतो आणि तो मुनिकुमारास लागतो. शिकारीच्या वाङ्मयाचा खरा विषय आम्हांस येथें दिसतो. जनावर केवढें होतें हा तो विषय नव्हे. हातांतला बाण केव्हां सोडावा, हा होय.

ही गोष्ट आज पुन्हां मनांत येण्यास एक पत्र कारण झालें. भडगांवचे आमचे एक आप्त पुष्कळ वर्षें अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत राहतात. गिरणेच्या कांठीं वाढलेला हा मनुष्य तिकडे एल्कची शिकार करावयास शिकला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. सिलोनांतील इंग्रज शिकारी तर सांबरालाच एल्क म्हणत. कोलोरॅडोंत हीं जनावरें अडीच लाखांहून अधिक आहेत, तरी नांवाजलेल्या रानांत परवाने मोजके निघतात आणि मागणारे फार. म्हणून तेथील सरकारनें एक तोड काढली आहे. ज्याची पहिली पसंती एखाद्या वर्षीं हुकली, त्याच्या नांवावर अग्रक्रमाचा एक गुण जमा होतो. तिकडे त्याला प्रेफरन्स पॉइंट म्हणतात. पुढें ज्याचे गुण अधिक त्याला परवाना आधीं मिळतो, आणि पहिल्या पसंतीचा परवाना हातीं आला कीं सारे गुण शून्यावर येतात. आमच्या आप्तांचे सतरा गुण सांचले आहेत. वय एकसष्ट, उजवा गुडघा कुरकुरूं लागला आहे. राज्याच्या वायव्य कोपऱ्यांतील प्रख्यात रानांना विसाहून अधिक गुण लागतात. मधल्या प्रतीचें रान मात्र आज मिळण्यासारखें आहे. ते लिहितात, “अण्णा, तुमचें सारें आयुष्य पुस्तकांत गेलें. हे गुण आतां खर्चावे कीं आणखी राखावे, याचा उलगडा एखाद्या पुस्तकांत आहे का?”

आपल्याकडील वाचकास ही व्यवस्था परकी वाटण्याचें कारण नाहीं. पुण्य सांचतें, स्वर्ग मिळतो, आणि भोगतां भोगतां पुण्य सरलें कीं मनुष्य पुन्हां खालीं येतो, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ययाति स्वर्गांतून पडूं लागला तेव्हां त्याच्या दौहित्रांनीं आपलें पुण्य त्यास देऊं केलें. कोलोरॅडोचे गुण मात्र कोणाला देतांही येत नाहींत आणि मुलांनातवंडांसाठीं मागें ठेवतांही येत नाहींत. आमच्या आप्तांनीं स्वतः भिशीची उपमा दिली आहे, पण ती आम्हांस पटत नाहीं. भिशी आरंभीं उचलली काय किंवा शेवटीं उचलली काय, रक्कम बुडत नाहीं. त्यापेक्षां जामद्याच्या कालव्याची पाळी अधिक जवळची. शेजपाळीनें आलेलें पाणी ज्यानें त्या खेपेस घेतलें नाहीं, त्याला तें पुढल्या पाळींत जोडून मिळत नाहीं, आणि तोंवर पीकही थांबत नाहीं. गुण सांचतात हें खरें. परंतु ज्या गुडघ्यांनीं ते खर्चावयाचे, ते कांहीं सांचत नाहींत. शिवाय वाट पाहणारे वाढत गेले म्हणजे लागणारे गुणही दरवर्षीं वाढत जातात. माणूस एक पायरी चढतो तों जिनाच एका पायरीनें उंच झालेला असतो! सतरावाल्यास वीस गुण होतील तेव्हां त्या रानास वीसच लागतील, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. आणि नियम करणारा नियम बदलूंही शकतो. परराज्यांतील धनुर्धाऱ्यांना पश्चिमेकडील रानांत एल्कचा परवाना मागतांक्षणीं मिळे. तो २०२५ पासून बंद झाला.

पत्रासोबत त्यांनीं शिकारी मासिकांतील कांहीं कात्रणें पाठविलीं आहेत. तीं आम्हीं मन लावून वाचलीं. माहितीच्या दृष्टीनें तीं चोख आहेत : कोणत्या रानास किती गुण, दर शंभर शिकाऱ्यांत किती यशस्वी, शिंगें केवढीं मिळतात, सर्व कोष्टकांत मांडलेलें आहे. परंतु इतक्या कोष्टकांत एकही दिवस उजाडत नाहीं. वारा कोणीकडून येत होता, नराची शीळ प्रथम कोठून ऐकूं आली, बर्फ पडलें तेव्हां जनावरें कोणत्या उतारावर आलीं, यांपैकीं कशाचाही मागमूस नाहीं. मुलीसाठीं स्थळें पाहणाऱ्या बापानें पगाराचेंच तेवढें टिपण ठेवावें, तशी या लेखकांची गत झाली आहे. दशरथाच्या हरिणाचीं शिंगें केवढीं होतीं, हें कालिदासानें सांगितलेलें नाहीं. आणि त्यावांचून त्या श्लोकाचें कांहीं अडलेंही नाहीं.

पुस्तकांतच उत्तर पाहावयाचें तर आम्ही प्रथम जिम कॉर्बेटकडे वळूं. कुमाऊंच्या नरभक्षकांवरील त्याच्या १९४४ सालच्या पुस्तकांत पोवळगडच्या ‘ब्रह्मचारी’ वाघाची गोष्ट आहे. ती त्या पुस्तकांत थोडी एकटी पडते, कारण हा वाघ नरभक्षक नव्हता. १९२० पासून १९३० पर्यंत संयुक्त प्रांतांतील शिकाऱ्यांना सर्वांत हवासा झालेला, असा तो होता. कोलोरॅडोच्या भाषेंत, पंचवीस गुणांचें जनावर. १९३० च्या हिवाळ्यांत कॉर्बेटनें तो मारला आणि माप भरलें १० फूट ७ इंच. आमच्या मतें या गोष्टीचें सारें सौंदर्य आरंभींच्या पानांत आहे : सकाळचें ऊन, पांखरें, चितळ, जागें होणारें रान. फीत लावून वाघ मोजण्याचा भाग त्यापुढें अगदींच सामान्य. कॉर्बेट प्रामाणिक लेखक असल्यामुळें त्यानें दोन्ही लिहिलीं. त्यांतील थोर कोणतें हें त्यानें वाचकावर सोपविलें.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यानें १९४२ सालीं एका शिकारी उमरावाच्या ग्रंथाला लांबलचक प्रस्तावना लिहिली; मूळ ग्रंथापेक्षां आज तीच अधिक वाचली जाते. जनावर दुर्मिळ असणें हें शिकारीच्या स्वरूपांतच आहे, भरपूर असतें तर शिकार अशी राहिलीच नसती, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो मार्मिक आहे, पण अपुरा आहे. रानांतली दुर्मिळता निराळी आणि कचेरींतली निराळी. पहिलींत मनुष्य डोळे उघडे ठेवून बसतो. दुसरींत तो सतरा वर्षें आंकडा पाहत बसतो. ओर्तेगाला ही दुसरी वाट माहीत नसावी.

आमच्या खानदेशांत या दोन्ही दुर्मिळता एके काळीं नव्हत्या. १८२५ मध्यें भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमचें ठाणें धरणगांवास होतें. त्यानें दहा वर्षांत मारलेल्या वाघांची संख्या दोनशेंच्या घरांत जाते. त्याला ना रांग होती, ना गुण, ना कोणाची परवानगी. त्या शिकारींची संख्या तेवढी लोकांच्या लक्षांत राहिली. त्यांतील एखादी सकाळ राहिलेली नाहीं. चाळीसगांवाहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटास त्याचें नांव पडलें, आणि १९८६ मध्यें तेथें झालेल्या अभयारण्याच्या नांवांतही तें शिरलें : गौताळा-औट्रमघाट! १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शौकाची शिकार संपली, हें आम्ही इष्टच मानतों. अमेरिकेचा मार्ग निराळा. तेथें १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठीं लावला जातो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं एक लाखाच्याही खालीं गेलेला उत्तर अमेरिकेंतील एल्क आज दहा लाखांच्या आसपास आहे. तेव्हां हिंसेचा प्रश्न एका वाक्यांत निकालांत काढण्याइतका तो सोपा नाहीं; आणि तो आमच्या आप्तांनीं विचारलेलाही नाहीं.

त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस स्पष्ट दिसतें. आजवर ते पहिली पसंती केवळ गुणासाठीं भरून दुसऱ्या पसंतीनें साध्या रानांत जात आले. त्यांत गुण खर्ची पडत नाहींत. ही युक्ति चांगली, आणि तिच्यामुळें त्यांचीं वर्षें फुकट गेलीं नाहींत. परंतु तिनें मूळचा प्रश्न सुटत नाहीं, एक वर्ष पुढें ढकलला जातो. एल्कचें रान नऊ-दहा हजार फूट उंचीवर असतें. मोठा नर तीनशें किलोच्या आसपास भरतो आणि त्याचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येण्यास कायद्याची मनाई आहे. तें तुकड्यातुकड्यांनीं पाठीवर वाहून आणावें लागतें. पासष्टाव्या वर्षीं तें प्रख्यात रान मिळालेंच, तर तें त्यांना तंबूच्या दारांतून पाहावें लागेल. उलट मधलें रान त्यांच्या घरापासून तीन तासांवर आहे, आणि तेथील दोन ओढे त्यांच्या पायाखालचे आहेत.

अर्ज एप्रिलच्या आरंभीं भरावयाचा असतो. यंदां मधल्या रानालाच पहिली पसंती द्यावी, असें आम्हीं त्यांस लिहिलें आहे. आणि परवाना आला तर ऑगस्टांत एकदां, बंदूक घरीं ठेवून, चार दिवस तें रान नुसतें हिंडून यावें.