पान उलटण्यापूर्वी

चित्र कथा सांगते, असे आपण सहज म्हणून जातो. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. परंतु कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहिल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून तितक्या सहजपणे निघत नाही.

पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या ह्या कलेत एका आख्यानाच्या चित्रसंचाला पोथी म्हणतात. कागदावर रंगवलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक पान श्रोत्यांपुढे धरतो, वीणा, टाळ, हुडूक ह्यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगतो आणि प्रसंग सरला की पान उलटतो. 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे, तेव्हा ही चाल जुनीच.

नुसती चित्रे पाहिली तर त्यांत छायाप्रकाशाचा खेळ नाही. चेहरे बहुधा एका बाजूने दाखवलेले, डोळे टपोरे, माणसे समोरासमोर उभी. सुख असो वा दुःख, डोळा जवळजवळ तोच. कुणी ह्याला ओबडधोबड म्हणेल. कुणी रेषेच्या जोमाची तारीफ करील. मला वाटते, दोघेही कथेकऱ्याला दाराबाहेर ठेवून चित्र पाहतात.

समजा, सुवर्णमृगाचे पान पुढे आहे. आपल्याला हरीण दिसते; तो मारीच आहे, हे आवाज सांगतो. सीतेला जे दिसते ते चित्र दाखवते, तिला जे दिसत नाही ते शब्द सांगतो. श्रोता ह्या दोहोंच्या मध्ये सापडतो आणि तिथेच त्याचा जीव तुटतो. कथा कागदावर नाही, केवळ गळ्यातही नाही; ती ह्या फटीत आहे. चेहऱ्यावर भाव कोरून ठेवला असता, तर ही फट बुजली असती.

कादंबरीकार म्हणून मी इथे ओशाळलो. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेच्या दुःखी मुद्रेला मी दीड पान दिले आहे. तिचे दुःख मीच भोगून टाकले. वाचकाला काही उरले नाही.

आज अशी पाने संग्रहालयांत काचेआड पाहायला मिळतात. ती जपायलाच हवीत. कागद फार दिवस तग धरत नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, ह्याचाही आनंद आहे. पण भिंतीवर टांगलेले पान उलटत नाही, आणि न उलटणारे पान म्हणजे अर्ध्यावर तुटलेले वाक्य. आपण कागद वाचवू आणि सांगणारा गमावू, तर आपल्या हाती सुंदर रंग राहतील, कथा राहणार नाही.

परवा वर्गात मी असल्याच एका चित्राची छापील प्रत मुलांना दाखवली. माझी अपेक्षा, मुले रंगांविषयी बोलतील. मागल्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, पुढचं पान?”

पुढचे पान माझ्यापाशी नव्हते. मग मी पुस्तक मिटले आणि गोष्ट सांगायला लागलो.