निषिद्ध फळ आणि सफरचंद : एक ग्रंथपरीक्षण

एदेन बागेंतील ज्या फळापायीं आदाम व हव्वा यांस बाग सोडावी लागली तें सफरचंद होतें, ही समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाहीं. वस्तुतः ‘उत्पत्ति’च्या तिसऱ्या अध्यायांतील हिब्रू शब्द ‘पेरी’, म्हणजे नुसतें ‘फळ’, असा आहे. त्या कथेंत जातीच्या नांवानें आलेलें झाड एकच, अंजिराचें. आणि तेंहि पानांसाठीं. ज्या ‘तप्पूआख’ शब्दाचें भाषांतर ‘सफरचंद’ असें करतात, तो ‘गीतरत्ना’ंत आहे, या कथेंत नाहीं. मग सफरचंद आलें कोठून? या एका प्रश्नास वाहिलेला अझान यादिन-इझ्रायल यांचा ‘टेम्प्टेशन ट्रान्सफॉर्म्ड’ हा इंग्रजी ग्रंथ शिकागो विद्यापीठानें २०२२ सालीं प्रसिद्ध केला आहे.

आजवरचें उत्तर ठरलेलें होतें. लॅटिनमध्यें ऱ्हस्व ‘मलुम’ म्हणजे पाप व दीर्घ ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. या श्लेषांतून सफरचंद निघालें, असें सांगत. ग्रंथकारानें मध्ययुगीन लॅटिन टीका तपासून दाखविलें आहे कीं, ही कोटी त्यांत जवळजवळ आढळतच नाहीं. जेरोमच्या लॅटिन भाषांतरांतहि हव्वेच्या तोंडीं सामान्य फळवाचक शब्दच आहे. ग्रंथकाराच्या मतें खरें कारण बोलभाषेंत आहे. लॅटिन ‘पोमुम’ म्हणजे कोणतेंहि फळ. त्यावरून आलेल्या जुन्या फ्रेंच ‘पोम’चा अर्थ आकुंचित होऊन ‘सफरचंद’ एवढाच उरला. जुनें वाक्य तेंच राहिलें, ऐकणाराच्या मनांतील फळ बदललें. बाराव्या शतकापासून फ्रान्समधील चित्रांत सफरचंद दिसूं लागतें. इटलींत मात्र अंजीर टिकून राहतें. मायकेलँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलेल्या सिस्टाइन छतावरील झाड अंजिराचेंच आहे.

शब्दार्थ असा आकुंचित होतो, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं. वेदांत ‘मृग’ म्हणजे कोणताहि वन्य पशु. मराठींत तो हरिण झाला. ‘मृगराज’ शब्दांत जुना अर्थ शिल्लक नसता, तर तो फरक आपल्या ध्यानींहि आला नसता.

आमचा आक्षेप एकच. टीकाकारांच्या मौनावरून, ती कोटी त्यांनीं लिहून ठेवली नाहीं एवढेंच ठरतें; ती लोकांच्या तोंडीं नव्हतीच, असें ठरत नाहीं. तथापि लॅटिन विद्या सर्व पश्चिम युरोपांत सारखीच असतां सफरचंद फ्रान्समध्येंच आधीं कां दिसावें, याचें उत्तर कोटीपाशीं नाहीं, ग्रंथकारापाशीं आहे. म्हणून त्याचा मुख्य सिद्धांत आम्हांस ग्राह्य वाटतो.

संग्राहकांस यांतून घेण्यासारखा धडा आहे. चित्राची नोंद करतांना ‘हव्वेच्या हातीं सफरचंद’ असें संवयीनें लिहूं नये. फळाचा आकार, रंग व पानाची ठेवण जशी दिसेल तशी टिपावी. चित्र कोणत्या प्रांतींचें, हें ठरविण्यास तीच खूण कदाचित् उपयोगीं पडेल. संवयीनें लिहिलेला एक शब्द हा पुरावा पुसून टाकतो.

यहुदी परंपरेनें या बाबतींत अधिक सावधपणा दाखविला. ताल्मूदांत रब्बी मेईर द्राक्षवेल म्हणतात, नेहेम्या अंजीर, तर येहूदा गहूं. तिन्ही मतें शेजारीं शेजारीं नोंदलीं आहेत, पण मूळ पाठांत एकहि घुसडलेलें नाहीं. ‘उत्पत्ति’वरील प्राचीन मिद्राशांत तर असेंहि मत आहे कीं, देवानें तें झाड कोणास सांगितलें नाहीं व पुढेंहि सांगणार नाहीं, कारण लोकांनीं त्याकडे बोट दाखवूं नये. बिचाऱ्या सफरचंदाकडे मात्र आठशें वर्षें बोट दाखविलें जात आहे, आणि तेंहि एका शब्दाचा अर्थ बदलला म्हणून.