‘विकारविलसित’ : एका बंदिवान युवराजाची काळोखी कथा

अद्भुतरम्य कथेतील राजपुत्र बंदीत पडतो तो बहुधा सुटण्यासाठीच. तळघर कितीही खोल असो, कोणी विश्वासू दासी, कोणी साधू, एखादी चोरवाट त्याच्या साहाय्यास येते आणि शेवटच्या प्रकरणात तो सिंहासनावर बसतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या काळापासून मराठी वाचकाची अभिरुची संकटांतून सुखान्ताकडे जाणाऱ्या अशा कथांवर पोसली गेली. इतिहासानेही या अभिरुचीस एक मोठा आधार पुरविला आहे. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर वयाच्या सातव्या वर्षी मोगलांच्या हाती सापडलेले शाहू अठरा वर्षांनी, १७०७ मध्ये, सुटून येतात आणि १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक होतो. कादंबरीकारास याहून सोयीचे कथानक कोणते हवे?

परंतु बंदिवान वारसाची आणखी एक कथा असते. तिच्यात तुरुंगाची भिंत डोळ्यांस दिसत नाही, पहारेकरी मित्रांच्या वेषात वावरतात, आणि बंदीचे कारण म्हणून राजद्रोह न सांगता प्रकृतीची काळजी सांगितली जाते. अशा कथेतून सुटका नसते. काळोख्या अद्भुत कथांची आवड असलेले आपले पदव्युत्तर विद्यार्थी त्या जातीच्या पुस्तकांसाठी बहुधा इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळतात. त्यांनी वळू नये असे मुळीच नाही. परंतु त्याआधी गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘विकारविलसित’ वाचावे, अशी शिफारस करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते नाटक आहे, कादंबरी नव्हे. शिवाय ते शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर आहे. तथापि ‘वारसाची कैद’ या विषयाला मराठी शब्दांत इतके खोल नेणारी त्या काळातील दुसरी कृती प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

मूळ नाटकाचे कथानक सर्वपरिचित आहे; परंतु ते सूडाची कथा म्हणून वाचण्याची सवय इतकी पक्की झाली आहे की त्यातील कैदेकडे दुर्लक्ष होते. राजा वारला आहे, मुलगा वयात आलेला आहे, आणि मुकुट मात्र चुलत्याच्या मस्तकी आहे. मुलगा विद्यापीठात परत जाण्याची इच्छा दाखवितो; चुलता ती प्रेमपूर्वक नाकारतो. पहिली बेडी पडते ती येथे, आणि ती मायेच्या शब्दांची आहे. पुढे दोन बालमित्रांना त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी बोलावून घेतले जाते. पडद्यामागे माणसे उभी राहतात. त्याच्या प्रेयसीचे बोलणेसुद्धा तिचा बाप आणि राजा लपून ऐकतात. ज्या प्रसंगात हा राजपुत्र आपल्या देशालाच तुरुंग म्हणतो, तेथे त्याचे मित्र ते उद्गार लहरी माणसाचे समजतात. वस्तुतः संपूर्ण नाटकातील ते सर्वांत शांत आणि अचूक विधान आहे. अखेरीस मोहोरबंद पत्र बरोबर देऊन त्याची इंग्लंडास रवानगी होते आणि त्या पत्रात त्याच्या वधाची आज्ञा असते. थोरांच्या वेडावर देखरेख असलीच पाहिजे, या राजाने काढलेल्या निष्कर्षात या साऱ्या व्यवस्थेचे सूत्र सापडते.

आता आगरकरांनी दिलेले नाव पाहावे. मूळ नाटक नायकाच्या नावाने ओळखले जाते. आगरकरांनी नायकास ‘चंद्रसेन’ हे नाव दिले. पण ग्रंथास ते नाव न देता ‘विकारविलसित’ हा सामासिक शब्द योजिला. ‘विकार’ या शब्दाचे अर्थ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकेक करून तपासण्यासारखे आहेत. मूळ स्थितीपासून झालेला पालट, हा पहिला. क्रोध, काम, शोक आदी मनाचा क्षोभ, हा दुसरा. शरीराचा किंवा मनाचा रोग, हा तिसरा. सांख्यांच्या परिभाषेत तो प्रकृतीपासून झालेल्या परिणामांस लावला जातो, आणि आपल्या व्याकरणात तर ज्या शब्दाचे रूप लिंग, वचन, विभक्ती यांनी बदलते त्यासही आपण ‘विकारी’च म्हणतो. ‘विलसित’ म्हणजे प्रकट होणे, तसेच लीला किंवा खेळ. तेव्हा या एका समासात शोकाने झालेला क्षोभ, खरा मनोरोग आणि वेडाचे घेतलेले सोंग हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. या तिहींतील सीमा कोणी आखावयाची, हाच नाटकाचा प्रश्न आहे. राजपुत्राचा शोक राजाच्या सोयीने रोग ठरतो, आणि एकदा तो रोग ठरला की पहारा हा उपचार ठरतो.

हा प्रश्न १८८३ साली, म्हणजे हे भाषांतर प्रसिद्ध झाले त्या वर्षी, महाराष्ट्रात केवळ वाङ्मयीन नव्हता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम १८७० च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागून १८७१ मध्ये दत्तक घेण्यात आलेले शिवाजी त्या वेळी आठ वर्षांचे होते. पुढे या तरुण छत्रपतींस मनोविकार जडला आहे असे सरकारने ठरविले आणि त्यांस पहाऱ्याखाली ठेवले. त्यांचा विकार खरा की लादलेला, आणि खरा असल्यास तो त्यांस मिळणाऱ्या वागणुकीने वाढला की काय, यावर त्या काळी प्रखर वाद झाला. ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांनी छत्रपतींच्या छळाबद्दल कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांच्या म्हणून छापलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघा संपादकांस १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. या वासाचे वर्णन आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात केले आहे. ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम त्यांनी तुरुंगात केले असे चरित्रपर लेखनात सांगितले जाते. सुटकेनंतर वर्षभराच्या सुमारास ‘विकारविलसित’ वाचकांच्या हाती आले. आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत विसाव्या वर्षी छत्रपती शिवाजींचा अंत झाला.

या घटनाक्रमावरून ‘विकारविलसित’ हे कोल्हापूर प्रकरणाचे रूपक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आगरकरांनी हाती घेतले ते भाषांतर होते. मूळ कथेत कोल्हापूरसाठी फेरफार करावयाचा तर त्यांस स्वतंत्र नाटक लिहिता आले असते. कोल्हापूरचे शिवाजी अभिषिक्त छत्रपती होते, हॅम्लेट मुकुटास मुकलेला वारस आहे. एक सोंग घेतो, दुसऱ्यावर सोंगाचा आरोपही नव्हता. अशा भेदांकडे डोळेझाक करणारी टीका शेवटी दोन्ही माणसांवर अन्याय करते. तरी एक साम्य नोंदविल्यावाचून राहवत नाही. नाटकात राजपुत्र आपल्या वधाची आज्ञा असलेले पत्र काढून घेतो, त्याच्या जागी स्वतः रचलेले पत्र ठेवतो, आणि त्या बनावट पत्रामुळे त्याचे दोन बालमित्र प्राणास मुकतात. बनावट पत्रांपायीच तुरुंगाची वाट चाललेल्या भाषांतरकारास हा प्रसंग मराठीत उतरविताना परका वाटला नसेल. लिहिलेला कागद, त्यावरची मोहोर आणि त्याचा खरेखोटेपणा यांवर माणसाचे स्वातंत्र्य कसे टांगलेले असते, हे शेक्सपीअरने कल्पनेने दाखविले. मराठी वाचकाच्या समोर ते नुकतेच घडले होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या ग्रंथाच्या वाचनास दोन दिशा सुचवाव्याशा वाटतात. पहिली संबोधनाची. शेक्सपीअरच्या इंग्रजीत मध्यम पुरुषाची सलगीची आणि अदबीची अशी दोन रूपे आहेत. आईच्या महालातील प्रसंगात आई मुलास सलगीच्या रूपाने दटावते आणि मुलगा तेच वाक्य अदबीच्या रूपात तिच्यावर उलटवितो. ती अदब कोणत्याही शिवीपेक्षा थंड आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. शिवाय आपल्याकडे आईस ‘तू’ म्हणण्यात अनादर नसून जिव्हाळा असतो. राजवाड्यातील रीत मात्र निराळी. तेव्हा ज्यास सर्व जण ‘आपण’ म्हणतात आणि ज्याचे कोणीच ऐकत नाही अशा युवराजाची स्थिती मराठी सर्वनामे इंग्रजीहून अधिक बारकाईने दाखवू शकतात. चंद्रसेनास कोण, कोठे, कोणत्या सर्वनामाने हाक मारतो याची संवादागणिक नोंद विद्यार्थ्यांनी करून पाहावी. कैदेचा नकाशा त्या नोंदीतून आपोआप तयार होईल.

दुसरी दिशा शब्दसंग्रहाची. उरण-पनवेलकडच्या आगरी-कोळी वस्त्यांतून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस वेडाविषयीचे शब्द घरीच मिळालेले असतात : वेड लागणे, भ्रम होणे, बाधा होणे, झपाटणे, अंगात येणे. हे एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘बाधा’ म्हटले की कारण बाहेरचे ठरते आणि माणूस निर्दोष राहतो. ‘अंगात येणे’ म्हटले की तोच माणूस काही काळ पूज्य होतो. ‘विकार’ म्हटले की कारण त्याच्या आत जाते आणि निर्णय जाणत्याच्या, म्हणजे वैद्याच्या किंवा सरकारच्या, हाती येतो. नाटकात पित्याचे पिशाच राजपुत्रास भेटते आणि नंतर तो वेड्यासारखा वागू लागतो. आपल्या गावात या स्थितीस निःसंशय ‘झपाटणे’ म्हटले असते आणि त्यास देवऋषाकडे नेले असते. राजदरबार मात्र त्यास विकार म्हणतो आणि पहारा बसवितो. कोणत्या शब्दाने कोणती दारे उघडतात आणि कोणती बंद होतात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण अर्थविचाराच्या वर्गास क्वचितच मिळेल.

पिशाचाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. भोळ्या समजुतींवर आयुष्यभर प्रहार करणाऱ्या आगरकरांनी ज्या नाटकाचा आरंभच तटावरच्या भुताने होतो ते निवडावे, यात अनेकांस विसंगती वाटते. ती तशी नाही. हे भूत पहारेकऱ्यांस दिसते, विद्वान मित्रास दिसते, पण आईच्या महालात आईस दिसत नाही. आणि स्वतः राजपुत्रही त्याच्या शब्दावर विसंबून शस्त्र उचलीत नाही. तो नाटकाचा प्रयोग लावून पुरावा गोळा करतो. अद्भुताची अशी उलटतपासणी करणारी कथा बुद्धिवाद्यास प्रिय वाटली तर नवल नव्हे. काळोखी अद्भुत कथा उत्तम केव्हा होते, याचे एक गमकही येथे मिळते : तिच्यातील भुतापेक्षा जिवंत माणसांचे वागणे अधिक भयंकर वाटू लागते तेव्हा.

ग्रंथ निर्दोष आहे असा दावा नाही. पात्रांची नावे आपली झाली तरी राजकुलाची रीत परकीच राहते, आणि भाषांतरात हे टळण्यासारखे नसते. सर्वांत अवघड जागा राणीच्या पुनर्विवाहाची. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला असला तरी उच्चवर्णीय समाजात त्यावरून रण माजलेले होते, आणि आगरकर सुधारकांच्या बाजूचे होते. आईच्या दुसऱ्या लग्नाची किळस व्यक्त करणाऱ्या नायकाचे उद्गार अशा माणसाने मराठीत आणावयाचे, ही कसोटी लहान नव्हे. पुनर्विवाहाचा निषेध आणि चुलत्याने त्या विवाहाच्या द्वारे वारसाचा मार्ग रोखल्याचा निषेध, या दोन गोष्टी मराठी वाचकाच्या मनात सहज एक होतात. ज्या समाजांत ‘पाट’ लावण्याची रूढी होती, त्यांतील वाचकास तर पहिला निषेध कळणारही नाही आणि दुसरा पुरेपूर कळेल. एकाच संवादाचे असे दोन श्रोतृवर्ग कल्पून वाचन केल्यास ग्रंथाच्या मर्यादासुद्धा बोधप्रद ठरतात.

‘विकारविलसित’ रंगभूमीवर गाजले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगांमुळे. गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाची कीर्ती नाट्येतिहासात कायम झाली आहे. त्या कीर्तीचा एक तोटाही झाला. ग्रंथ नटाच्या नावाशी जोडला गेला आणि वाचण्याचे पुस्तक म्हणून मागे पडला. आज तो गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) किंवा शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ (१९५४) यांच्याबरोबर भाषांतराच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून परीक्षेपुरता उल्लेखिला जातो. हे पुरेसे नाही. ‘१०१ दिवस’ आधी आणि ‘विकारविलसित’ नंतर, असे लागोपाठ वाचावे. पहिल्यात तुरुंगाची भिंत, कुलूप आणि शिक्षेची मुदत आहे. म्हणून त्यातील माणसे मोकळेपणाने विनोद करू शकतात, वाद घालू शकतात, सुटकेचे दिवस मोजू शकतात. दुसऱ्यात भिंत नाही, म्हणून मुदतही नाही. मुदत नसलेली कैद कशी असते आणि ती कोणत्या शब्दांनी उभारली जाते, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा.