'डूलाली' आणि 'व्यवसायोपचार' : दोन शब्दांची चिकित्सा

रोगाचे नाव आणि उपचाराचे नाव ही केवळ सोयीची लेबले होत, त्यांमागील वस्तू तेवढी महत्त्वाची, असे सामान्यतः मानले जाते. शरीराच्या रोगांपुरते हे मत बव्हंशी खरेही असेल. मनाच्या रोगांसंबंधी मात्र ते टिकत नाही. येथे रुग्ण, त्याचे कुटुंब आणि परिचारक यांची अपेक्षा नावावरूनच ठरते, आणि ही अपेक्षा उपचाराचाच एक भाग असते. नाशिकच्या परिसराशी निगडित असलेले दोन शब्द या दृष्टीने परीक्षणीय आहेत. पहिला 'डूलाली'. तो नाशिकलगतच्या देवळालीने इंग्रजी भाषेला दिला. दुसरा 'व्यवसायोपचार'. तो इंग्रजी संज्ञेवरून मराठीत घडविला गेला, आणि त्या विषयाची पदवी आज नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून दिली जाते. पहिल्या शब्दात सैनिकाच्या मनोविकाराचे एक निदान दडलेले आहे, दुसऱ्यात त्यावरील उपाय. परंतु पहिल्याचा अर्थ कथेने झाकला गेला आहे आणि दुसऱ्याचा रूढीने.

१

देवळालीची लष्करी छावणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावारूपास आली. इंग्लंडहून येणाऱ्या पलटणी मुंबईस उतरून येथे येत, आणि मुदत संपलेले गोरे शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. सैन्याची जहाजे प्रामुख्याने हिवाळी हंगामात सुटत. हंगाम सरल्यावर ज्याची मुदत भरे, त्याला काही महिने तिष्ठत राहावे लागे. या शिपायांच्या बोलीत, तऱ्हेवाईकपणे वागणाऱ्यास 'डूलाली टॅप' झाला आहे, असे म्हणण्याचा प्रघात पडला. फ्रेझर व गिबन्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या सैनिकी व नाविक शब्दांच्या कोशात हा प्रयोग नोंदलेला आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डूलाली' एवढाच शब्द सर्वसामान्य इंग्रजीत 'चक्रम' या अर्थाने रुळला.

शब्दाचे ध्वनिरूप स्पष्ट आहे. 'ळ' इंग्रजीत नसल्याने त्याचा 'ल' झाला. आघात दुसऱ्या अक्षरावर गेल्याने तेथील दीर्घ 'आ' आखूड झाला आणि आघातहीन 'देव' आकसून 'डू' उरला. जखमींना वाहून नेणाऱ्या 'डोली'साठी शिपायांच्या तोंडी आधीच रुळलेल्या 'डूली' या शब्दाचीही यात छाया पडली असणे संभवते. 'टॅप'संबंधी मात्र एक सावधगिरी हवी. मराठी वाचकास येथे साहजिकच 'ताप' आठवतो. परंतु गोऱ्या शिपायाची देशी भाषा मराठी नव्हती, ती छावणीची हिंदुस्तानी होती, आणि त्या भाषेत फारसीतून आलेला ऱ्हस्व स्वराचा 'तप' हा ज्वरवाचक शब्द प्रचलित होता. इंग्रजी रूपातील ऱ्हस्व स्वराशी तोच अधिक जुळतो. शिवाय 'टॅप' म्हणजे इंग्रजीत हलकासा ठोका. डोक्यावर ठोका बसल्याची कल्पनाही ऐकणाऱ्याच्या मनात मिसळली असावी. स्थळनाम मराठी, रोगनाम हिंदुस्तानी आणि विनोद इंग्रजी असा हा तीन धाग्यांचा शब्द आहे.

२

या शब्दाची जी कथा सांगितली जाते तिचे परीक्षण मात्र क्वचितच होते. कोणी देवळालीच्या उन्हाला दोष देतात, तर कोणी तेथे वेड्यांचे इस्पितळ असल्याचे सांगून प्रश्न मिटवितात. पहिले स्पष्टीकरण स्थळाच्या माहितीपुढे टिकत नाही. देवळालीची हवा आरोग्यदायी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मुंबईच्या धनिकांनी तेथे आरोग्यभुवने बांधली ती याच कारणाने. दुसऱ्या स्पष्टीकरणाची शब्दाला गरजच नाही. मनोविकार जडलेल्या गोऱ्या सैनिकाची सरकारी वाट मायदेशाकडे जात असे. कंपनीच्या काळात ती लंडनजवळच्या पेंब्रोक हाउसकडे जाई आणि १८७० पासून नेटली येथील लष्करी रुग्णालयाच्या 'डी' विभागाकडे.

या बाबतीत फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील आठवणी अधिक विश्वसनीय वाटतात. त्याने दिलेले कारण ऊन नव्हे आणि इस्पितळही नव्हे, तर रिकामपण. वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेले शिपाई परतीची वाट पाहताना कंटाळून प्रथमच गुन्ह्यात सापडत, असे तो सांगतो. त्यांच्या त्या विचित्र वागण्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असे त्याचे मत आहे. हे मत तो स्वतःचा तर्क म्हणूनच मांडतो. नंतरच्या कथनकारांनी त्यातील 'असावा' काढून टाकला आणि इस्पितळ जोडले. तर्काची वस्तुस्थिती होणे ही लोकव्युत्पत्तीची नेहमीचीच रीत होय. येथे तिने एक हानी केली. रिचर्ड्सच्या सांगण्यात माणूस बिघडतो तो काम संपल्यामुळे. इस्पितळाच्या कथेत तो आधीच बिघडलेला असून देवळालीस केवळ ठेवला जातो. पहिल्या कथेत कारण आहे, दुसऱ्यात नुसता पत्ता.

स्थळनामाचे वेडाच्या पर्यायात रूपांतर करण्याची ही प्रवृत्ती इंग्रजीपुरती मर्यादित नाही. लंडनच्या बेथलेहेम रुग्णालयावरून 'बेडलम' आला, हिंदी भाषकांत आग्रा आणि रांची यांना हेच भोगावे लागले, आणि मराठीत 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याची वाट धरली' असे प्रयोग सर्रास होतात. ही सर्व नावे माणूस कोठे ठेवावा हे सांगतात. तो कशाने बरा व्हावा, याविषयी ती मुकी आहेत.

३

उपचाराच्या नावाकडे वळल्यास वेगळाच पेच दिसतो. अमेरिकेत १९१७ साली ज्या संस्थेने या उपचारशाखेला संघटित रूप दिले, तिने 'ऑक्युपेशनल थेरपी' हे नाव धारण केले. त्यातील 'ऑक्युपेशन' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. मनुष्य ज्यात गुंततो, ज्याने त्याचा वेळ व लक्ष व्यापले जाते ते सर्व काही, असा तेथे अर्थ आहे. ॲडॉल्फ मायर यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मनोविकाराकडे दिनक्रमाची, सवयींची व कालाच्या वापराची विस्कटलेली घडी म्हणून पाहिले, ते याच अर्थाने. हिंदुस्थानात रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयात बर्कली-हिल यांच्या कारकीर्दीत, १९२२ साली, या उपचाराचा विभाग सुरू झाला. त्याचे पद्धतशीर शिक्षण मात्र १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी आरंभिले. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषींच्या पुढाकाराने १९५२ साली अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला.

मराठीने यासाठी 'व्यवसायोपचार' ही संज्ञा स्वीकारली. संस्कृताच्या दृष्टीने ती निर्दोष आहे, किंबहुना मार्मिक आहे. 'व्यवसाय' म्हणजे निश्चय, निर्धार, प्रयत्न. गीतेतही तो या अर्थच्छटेने येतो. ज्या रुग्णाची आरंभशक्तीच लोपली आहे, त्याला निर्धाराचा उपचार देणे यापेक्षा सार्थ नाव कोणते? परंतु संज्ञेचा कर्ता संस्कृतात विचार करीत असला, तरी तिचा श्रोता मराठीत जगतो. आजच्या मराठीत 'व्यवसाय' म्हणजे धंदा अथवा पेशा. 'आपला व्यवसाय काय?' या प्रश्नाला कोणी 'निर्धार' असे उत्तर देत नाही.

माजी सैनिकाच्या बाबतीत हा अर्थसंकोच विशेष घातक ठरतो. सैन्यातून निवृत्त होणाऱ्यास दुसरा पेशा शिकविण्याची परंपरा जुनी आहे. जायबंदी हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत निघालेली, आणि पुढे खडकीस गेलेली, क्वीन मेरी यांच्या नावाची तंत्रशाळा हे तिचे ठळक उदाहरण. हात अथवा पाय गमावलेल्या, परंतु मनाने सावध असलेल्या माणसास नवे कसब शिकविणे हे योग्यच होते. तथापि स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र विकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सैनिकाच्या घरच्यांनी 'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकला, तर त्यांच्या डोळ्यांपुढे तीच तंत्रशाळा उभी राहते. मुलगा काही धंदा शिकून बाहेर येईल, अशी त्यांची अपेक्षा होते. प्रत्यक्षात तो कागदाची घडी घालताना अथवा चहा करताना दिसला, म्हणजे उपचार फसवा वाटतो. वस्तुतः चहा करणे यात क्रम लक्षात ठेवणे, अवधान टिकविणे, दुसऱ्याची आवड विचारणे आणि निर्णय घेणे या चार गोष्टी असतात. तज्ज्ञ तपासतो त्या याच. चहा कसा झाला, हा प्रश्न गौण असतो.

४

पर्यायी शब्द सुचविणे सोपे आहे. त्यांची कसोटी घेतली म्हणजे अडचण कळते. 'श्रमोपचार' म्हटल्यास जुन्या वेडगृहांतील मजुरी डोकावते. तेथे रुग्णांकडून बागकाम, विणकाम, दळणकांडण करून घेतले जाई, आणि त्यात रुग्णाचे हित किती व संस्थेचा लाभ किती याची सीमारेषा पुसट असे. या इतिहासामुळेच मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या विसाव्या कलमाने रुग्णास संस्थेत कामाची सक्ती करण्यास मनाई केली असून, केलेल्या कामाचा योग्य मोबदला हा त्याचा हक्क ठरविला आहे. 'कर्मोपचार' म्हणावे, तर मराठी मनात कर्म म्हणजे प्रारब्ध. 'विरंगुळा' म्हणावे, तर उपचाराची करमणूक होते. 'उद्योग' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण 'काही उद्योग नाही का?' या प्रश्नात नेमका गुंतण्याचाच अर्थ आहे. परंतु 'नसते उद्योग' हा प्रयोगही त्याच शब्दाचा. जर्मन भाषेनेही हा पेच अनुभवला. तेथील 'व्यग्रता व श्रम' अशा अर्थाचे जोडनाव १९९९ साली अधिकृतपणे मागे पडले आणि ग्रीक धातूवरून घडविलेले 'एर्गोथेरपी' आले. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथे पहिल्या महायुद्धात आघातग्रस्त अधिकाऱ्यांवर उपचार करणारे आर्थर ब्रॉक हेही आपल्या पद्धतीस असेच ग्रीक नाव देत. परकी धातू घेतल्याने गैरसमज टळतो खरा, परंतु समजही टळतो.

५

मग निर्णय काय? 'व्यवसायोपचार' ही संज्ञा आता पदवीत, परिषदेच्या नावात आणि व्यवहारात स्थिर झाली आहे. ती उपटून काढणे इष्ट नाही आणि शक्यही नाही. परंतु शास्त्रीय संज्ञा आणि रुग्णाशी बोलण्याची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी होत, आणि दुसरीसाठी मराठीजवळ पुरेसे द्रव्य आहे. 'दिनक्रम', 'मन गुंतणे', 'हाताला काम', 'आपण होऊन करणे' हे शब्द कोणत्याही घरात कळतात. यांपैकी शेवटचा प्रयोग सैनिकाच्या संदर्भात सर्वांत मोलाचा आहे. सैनिकाचा दिवस बिगुलावर चालतो. रुग्णालयाचा दिवसही घंटेवर चालतो. त्यामुळे सांगितले की उठणारा, सांगितले की जेवणारा आणि सांगितले की रांगेत उभा राहणारा माजी सैनिक कक्षात बरा झालेला भासतो. घरी हुकूम देणारा कोणी नसतो, आणि तेथे तो दुपारपर्यंत खाटेवर पडून राहतो. आज्ञापालन शाबूत आहे, आरंभशक्ती गेली आहे, हा भेद ओळखणे हेच या उपचाराचे पहिले कर्तव्य होय. केलेल्या वस्तूंची संख्या मोजून तो ओळखता येत नाही. न सांगता केलेल्या गोष्टी किती, हे पाहावे लागते.

विंग व ब्राऊन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांचा अभ्यास याच दिशेने बोट दाखवितो. दीर्घकाळ राहिलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत सुधारणेशी सर्वांत निकटचा संबंध त्यांना आढळला, तो काहीही न करता घालविलेला वेळ कमी होण्याशी. औषधांचे महत्त्व याने उणे होत नाही. भ्रम ओसरण्यास औषध लागतेच. परंतु भ्रम ओसरल्यानंतर उरलेला रिकामा दिवस औषधाने भरत नाही.

या निष्कर्षाच्या प्रकाशात देवळालीच्या शब्दाकडे पाहिले, म्हणजे त्यातील निरीक्षणाचे मोल कळते. तेथे वाट पाहणारे बहुतेक शिपाई मनोरुग्ण नव्हते, आणि रिकामपणातून तीव्र मनोविकार उद्भवतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तथापि शस्त्र जमा केलेल्या, हुकूम संपलेल्या आणि घर न गाठलेल्या माणसाचे काय होते, हे त्या अशिक्षित बोलीने अचूक टिपले होते. इंग्रजीने पुढे त्याची थट्टा केली. मराठीने रिकामपणावरील उपायाला नाव दिले, पण त्याला धंद्याचा वेष चढविला. संज्ञा बदलण्याचा आग्रह सोडून तिचा मूळ अर्थ कक्षात, घरी आणि पाठ्यपुस्तकांत पुन्हा प्रस्थापित करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे व व्यवसायोपचाराच्या अध्यापकांचे संयुक्त कार्य आहे. देवळालीस आजही तोफखान्याची शाळा आणि लष्करी रुग्णालय आहे, आणि या उपचाराची पदवी देणारे विद्यापीठ त्याच शहराच्या परिसरात आहे. या कार्याचा आरंभ करण्यास नाशिकइतके योग्य स्थान दुसरे नाही.