रेडिओ बॅलड्स : श्रमिकांचा आवाज आणि संपादकाची कात्री

प्रस्तावना

आकाशवाणीच्या परिभाषेत 'रूपक' म्हणून ओळखला जाणारा नभोवाणीवरील माहितीपर कार्यक्रम साहित्य, संगीत आणि सामाजिक-राजकीय आशय यांना एकत्र आणू शकतो. बीबीसीने १९५८ ते १९६४ या काळात प्रसारित केलेली आठ 'रेडिओ बॅलड्स' हे या प्रकाराचे महत्त्वाचे उदाहरण होय. निर्माते चार्ल्स पार्कर, गीतकार-गायक इवन मॅकॉल आणि संगीतकार पेगी सीगर यांनी ही मालिका सिद्ध केली. श्रमिकांना त्यांच्याच शब्दांत बोलू देणारी मालिका म्हणून तिचा गौरव केला जातो. हा गौरव यथार्थ असला तरी अपुरा आहे.

आवाजाचे स्थान

तत्पूर्वी सामान्य माणसांच्या मुलाखतींवरून संहिता तयार करून ती नटांकडून वदवून घेण्याची पद्धत रूढ होती. ९ फेब्रुवारी १९५७ रोजी वाफेची नळी फुटून ब्रेक निकामी झाल्यानंतरही इंजिन न सोडता प्राण गमावणारा चालक जॉन ॲक्सन हा पहिल्या बॅलडचा विषय होता. त्यासाठीही आरंभी नटांचाच विचार होता. परंतु रेल्वे कामगारांचे आणि ॲक्सनच्या पत्नीचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकल्यावर निर्मात्यांनी ते मूळ स्वरूपातच वापरण्याचा निर्णय घेतला. बोली, उच्चार आणि श्वासाचे विराम यांना कलाकृतीत मध्यवर्ती स्थान मिळाले.

'सिंगिंग द फिशिंग' (१९६०) या हेरिंग मासेमारीवरील बॅलडमध्ये हे तंत्र परिपक्व झाले. नॉरफोकचे वृद्ध मच्छीमार सॅम लार्नर यांच्या बोलण्यातील शब्द आणि लय घेऊन मॅकॉल यांनी गीत रचले. पुढे ते अनेकांना पारंपरिक लोकगीतच वाटू लागले. या बॅलडला प्री इटालिया पुरस्कार लाभला.

निवडीचे राजकारण

मात्र हे यश एका प्रश्नाला जन्म देते. 'साँग ऑफ अ रोड' (१९५९) या महामार्ग-बांधणीवरील बॅलडमध्ये अभियंते व व्यवस्थापक यांनाही स्थान होते. ती रचना फसली, असे मॅकॉल यांचे मत झाले. कामगारांची भाषा चित्रमय आणि वरिष्ठांची भाषा निर्जीव, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निकष वरकरणी सौंदर्यविषयक वाटतो. प्रत्यक्षात कोणी बोलावे हे तोच ठरवतो.

भटक्या समाजावरील 'द ट्रॅव्हलिंग पीपल' (१९६४) या अखेरच्या बॅलडचा शेवट या दृष्टीने बोलका आहे. मालिकेत प्रश्नकर्त्याचा आवाज सहसा गाळलेला असतो. येथे मात्र भटक्यांच्या उच्चाटनाची भाषा करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लोकप्रतिनिधीला विचारलेला प्रश्न ऐकू येतो आणि त्याच्या त्रोटक उत्तरावर कार्यक्रम संपतो. श्रोता हादरतो. परंतु हा आघात त्या उत्तराइतकाच त्याच्या स्थानाचाही आहे. ते स्थान संपादकाने निवडले आहे.

पोवाड्याशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. पोवाड्यात शाहीर श्रोत्यांसमोर उभा असतो. कथन कोणाच्या दृष्टीतून होत आहे, हे श्रोत्याला ठाऊक असते. रेडिओ बॅलडमधील गीत शाहिराचेच काम करते, पण फितीवरील अस्सल आवाजांना लागून येत असल्याने तेही साक्षीसारखे वाटू लागते. भाष्य आणि पुरावा यांतील सीमारेषा अशी पुसट होते.

निष्कर्ष

यामुळे मालिकेचे महत्त्व कमी होत नाही. पक्षपात तिच्यात उघडपणे असता, तर तो दोषही ठरला नसता. अडचण अशी की, अस्सल आवाजाच्या प्रतिष्ठेमुळे तो पक्षपात ध्यानात येत नाही. म्हणून अशा रूपकांचे मूल्यमापन करताना 'कोण बोलले?' या प्रश्नावर थांबून चालणार नाही. 'ते कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सुरावटीला जोडले?' हा प्रश्नही तितकाच आवश्यक ठरतो. वाङ्मयाच्या अभ्यासात निवेदकाची चिकित्सा जितकी गृहीत धरली जाते, तितकीच ध्वनिसंपादकाचीही व्हावयास हवी.