राघोजी भांगरे : एका बंडवाल्याचें चरित्र

राजाच्या मागें त्याचें दफ्तर राहतें, पंडिताच्या मागें त्याचे ग्रंथ राहतात. डोंगरांत लपून लढणाऱ्याच्या मागें मात्र राहतात ते त्याच्या शत्रूचे कागद आणि त्याच्या लोकांच्या आठवणी. म्हणूनच बंडवाल्याचें चरित्र लिहिणें हें चरित्रलेखनांतील अत्यंत अवघड काम होय. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील देवगांवचे राघोजी भांगरे यांच्याविषयीं जें लिहिलें जातें तें वाचतांना ही अडचण आम्हांस वारंवार जाणवली.

हकीकत थोडक्यांत अशी. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि सह्याद्रीचे गड व घाटवाटा राखणाऱ्या महादेव कोळी नाईकांचें जुनें मानाचें स्थान ओसरूं लागलें. राघोजींचे वडील रामजी यांचें नांव पूर्वीच्या बंडांत येतें. त्याच बंडांतील रामा किरवा यांस १८३० सालीं नगर येथें फांशी झाली. पुढें १८४५ च्या सुमारास राघोजी व त्यांचे बंधु बापू यांनीं नगर, नाशिक व पुणें या जिल्ह्यांचा डोंगरी भाग हालवून सोडला. २ जानेवारी १८४८ रोजीं राघोजी पंढरपुरांत लेफ्टनंट गेल याच्या हातीं सांपडले, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी दिली गेली.

या जीवनाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत, आणि दोन्ही आम्हांस अपुऱ्या वाटतात. पहिली सरकारी. नगर जिल्ह्याचें ग्याझेटियर १८८४ सालीं छापलें गेलें. त्याच्या लेखीं हे दरोडेखोर. परंतु शत्रूचा कागदहि नीट वाचल्यास खरी साक्ष देतो. राघोजींच्या शोधांत आलेल्या पोलिसांनीं त्यांच्या आईचे हाल केले, त्यामुळें चवताळून त्यांनीं टोळी जमविली, आणि सांपडेल त्या सावकाराचें नाक कापण्याचा सपाटा लावला, असें इंग्रजी अमलांतील वृत्तांतच सांगतात. दरोडेखोर म्हणावयाचें आणि त्याच दमांत दरोड्याचें कारण आपल्याच पोलिसांच्या पदरीं टाकावयाचें, ही विसंगति लेखकाच्या ध्यानांत आली नसावी, वाचकाच्या यावी.

दुसरी रीत गौरवाची. ‘आद्यक्रांतिवीर’ ही पदवी राघोजींस लोकांनीं प्रेमानें दिली आहे, व ती द्यावयास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती पदवीनें चरित्राचें काम भागतें असें मानण्यास. गौरवपर लेखनांत कापलेलीं नाकें बहुधा एका वाक्यांत उरकलीं जातात, आणि विसाव्या शतकांतील सभांची भाषा राघोजींच्या तोंडीं घातली जाते. सावकारहि रक्तामांसाचा माणूस होता, आणि त्याच्या वहीखालीं दबलेलें कुटुंबहि रक्तामांसाचेंच होतें. हें क्रौर्य झांकलें तर त्यामागील संतापहि झांकला जातो, आणि राजूरकडील गरीब रयतेनें या माणसास आसरा कां दिला याचा उलगडाच होत नाहीं.

येथें आम्हांस टॉल्स्टॉयची आठवण होते. राघोजी फांशी गेले त्या काळांत कॉकेशस पर्वतांत, चेचेन व दागिस्तानच्या मुलुखांत, इमाम शामिल रशियाच्या झारशीं लढत होता. त्याचा नामांकित सरदार हाजी मुराद १८५१ सालीं रशियनांस येऊन मिळाला, आणि शामिलच्या ताब्यांतील बायकामुलांस सोडविण्यासाठीं पळून जातांना १८५२ सालीं मारला गेला. टॉल्स्टॉय त्या वेळीं तेथेंच, शत्रूपक्षाच्या छावणींत, तरुण वयांत होता. म्हातारपणीं त्यानें या माणसावर कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ सालीं, प्रसिद्ध झाली. तींत हाजी मुराद साधु नाहीं आणि लुटारूहि नाहीं. त्याचा सूड आहे, महत्त्वाकांक्षा आहे, आईची आठवण आहे. आणि रशियन फौजेनें उद्ध्वस्त केलेलें चेचेन गांवहि आहे. स्वपक्षाचा दोष झांकला नाहीं म्हणूनच परपक्षाच्या वीरावरील त्याचा लोभ खरा वाटतो.

असें पुस्तक मराठींत राघोजींवर व्हावयास पाहिजे. त्यासाठीं रशियाइतकें दूर जाणें नको. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याच्या वाड्यांतून हिंडावें, वृद्धांच्या तोंडचीं गाणीं व हकीकती टिपून घ्याव्या, त्या त्यांच्याच बोलींत राहूं द्याव्या, आणि मग सरकारी कागदांशीं ताडून पाहाव्या. हें काम कोळी समाजांतीलच एखाद्या तरुण लेखकानें हातीं घेतल्यास फार उत्तम; कारण शब्द कोणाचा आणि मौन कोणाचें, हें त्याला आमच्याहून अधिक कळेल.

ज्या माणसास सह्याद्रीनें वर्षानुवर्षें लपविलें तो डोंगर सोडून पंढरींत कां आला असेल? कागद पकडणाऱ्याचें नांव सांगतो. येणाऱ्याचें मन सांगत नाहीं. तेथेंच खऱ्या चरित्रकाराचें काम सुरू होतें.