कथाकाराचे बळ : स्वतःची साक्ष आणि कथेची साक्ष

आपले बळ कशात आहे हे कथाकार स्वतः सांगू लागला, की वाचकाने ते आदराने ऐकावे. निवाडा मात्र कथेपाशीच करावा. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथात्म लेखनाच्या तंत्राची मांडणी केली. रचनेची सफाई आणि वाचकाची उत्कंठा यांवर त्यांचा भर होता. त्यांच्या कादंबऱ्यांत हे गुण ठळकपणे दिसतात. पण आजच्या वाचकाला कृत्रिम वाटते तीही हीच सफाई. ज्याला लेखकाने आपले बळ मानले, तेच काळाच्या कसोटीवर आधी उणे पडले.

याउलट व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी आपले बळ थेट श्रोत्यांपुढे पारखून घेतले. या तिघांच्या कथाकथनाने १९६० नंतरच्या काळात गावोगावची सभागृहे भरली. पुढे तिघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि तेही आपल्या शेजारच्या मराठवाड्यातच : माडगूळकर अंबाजोगाईस १९८३ मध्ये, पाटील नांदेडला १९८५ मध्ये आणि मिरासदार परळी वैजनाथला १९९८ मध्ये. हे यश केवळ आवाजाचे आणि अभिनयाचे होते, असा आक्षेप घेता येईल. परंतु पाटलांची ‘धिंड’ किंवा मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ आज एकांतात वाचली तरी वाक्यावाक्यातून बोलणारा माणूस ऐकू येतो. ते बळ गावच्या बोलीचे आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशच्या मेंढक्यांचे बोलणे आणि चित्रकाराची नजर एकत्र आली आहे. घरची भाषा लपवण्याची या लेखकांना कधी गरज वाटली नाही.

तरीही श्रोत्यांची दाद हा एकमेव निकष मानता येत नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी व्यासपीठ कटाक्षाने टाळले. धारवाडात इंग्रजी शिकवीत, कन्नड भाषिकांच्या शेजारात राहून त्यांनी अत्यंत स्वतंत्र असे मराठी गद्य घडवले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर प्रसिद्ध झालेली त्यांची पत्रे वाचली, म्हणजे त्या एकांतामागचे अखंड वाचन आणि चिंतन ध्यानात येते. पुण्यामुंबईपासूनचे अंतर त्यांना उणेपणाचे ठरले नाही.

आपल्या भागातील लिहिणाऱ्यांनी हे दोन्ही दाखले एकत्र पाहावेत. १९५६ पर्यंत उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होती; नंतर मध्ये राज्याची सीमा आली. २०२२ साली उदगीरला साहित्य संमेलन भरले, अध्यक्षस्थानी भारत सासणे हे कथाकार होते, आणि सीमेअलीकडच्या आपल्यापैकी अनेकांना ते घरचेच कार्य वाटले. आपल्या घरांतल्या मराठीत कन्नडचा हेल आहे, दखनीचे शब्द आहेत. कागदावर उतरताना मात्र आपला कथाकार ती धुऊन, इस्त्री करून, प्रमाण भाषेच्या घडीत बसवतो. परिणामी कथा निर्दोष होते आणि निर्जीवही. आपल्या मुलांची शाळा आता कन्नड वा इंग्रजी आहे. मराठी त्यांच्यापर्यंत पोहोचते ती प्रामुख्याने कानावाटे. ती बोली कथेत आली नाही, तर या मुलांना छापील मराठी परक्याची वाटेल.

म्हणून आपले बळ शोधणाऱ्या लेखकाने आपल्या लिखाणातून काय वगळले, तेही एकदा तपासावे. ज्याचा संकोच वाटून ते गाळले, कदाचित तेच त्याचे खरे भांडवल असेल.